नसलेल्या पैशांच्या नोंदी

वरच्या मजल्यावरचे मास्तर सकाळी साडेसातला त्याला जिन्यात भेटले आणि दुधाची पिशवी हातात झुलवत, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वाचलो बुवा आपण!" एवढंच झालं. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी मास्तरांचा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, आणि ह्या घरात शेवटचं बाक म्हणजे स्वयंपाकघर. "काल शेअर बाजार जुन्या जागी आला, वाचलंत ना? कोसळला होता तिथून चार बोटं वरच. दीड वर्ष आमच्या हिने डोकं खाल्लं माझं, पैसे काढा, पैसे काढा म्हणून. मी म्हटलं, मेलो तरी काढणार नाही. तुम्हीही नाही काढलेत, बरं केलंत. ह्या इमारतीत छातीचे म्हणून आपण दोघंच." तो दाराच्या कडीत खोचलेलं वर्तमानपत्र काढत होता. त्याने मान हलवली, हसला, "हो ना" म्हणाला. मास्तर जिना चढून गेले. पाठीमागे स्वयंपाकघरात भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला आणि त्यानंतर काहीच आवाज आला नाही, म्हणजे बायको ऐकत होती.

ती ओल्या हातांनीच बाहेर आली. "अहो, मास्तर म्हणतात ते खरं?" त्याने उत्तर द्यायच्या ऐवजी पेपर उघडला. पहिल्या पानावर तळाशी चौकट होती आणि चौकटीत एक रेघ खाली उतरून पुन्हा वर चढलेली. "आलाय," तो म्हणाला. हे काही खोटं नव्हतं. बाजार आलाच होता. ती कपाटाशी गेली, गुडघ्यावर तळहात दाबत वाकली, नेहमी अडकणारा खालचा खण दोन हिसक्यांत ओढला आणि टॉवेलांच्या घडीखालून एक पांढरा लिफाफा काढला. तो लिफाफा त्याला ओळखीचा होता. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये ती चोवीस वर्षं काम करत होती. रोगी येतात, जातात, बरे होतात, मरतात, आणि त्यांचे केसपेपर तिच्याकडे राहतात. छताला टेकलेले लोखंडी रॅक, त्यांना टेकवलेली शिडी, आणि दिवसातून तीस-चाळीस वेळा त्या शिडीवर चढणं-उतरणं. उजवा गुडघा गेला होता. डॉक्टरने सांगितलं होतं की शिडी बंद करा नाहीतर मग मी सांगेन तेव्हा सगळंच बंद कराल. म्हणून दीड वर्षापूर्वी तिने राजीनामा लिहून ह्या लिफाफ्यात घातला होता, निवृत्तीला चार वर्षांच्या वर वेळ असताना. तिला मिळणार होते ते नाममात्र, पण त्याला फॅक्टरीतून मिळालेल्या पैशांत दोघांचं नीट भागत होतं. हिशेब तिनेच मांडला होता, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला. आणि नेमका त्याच आठवड्यात बाजार गडगडला. तो म्हणाला, आत्ता नको. ती म्हणाली, बरं, पैसे होते तिथे परत आले की देते. ती असंच बोलायची, कशाचंही फार न करता, आणि बोललेलं लक्षात ठेवायची.

"दहा वाजेपर्यंत आंघोळ करायची नाही," ती आता म्हणत होती, लिफाफा टेबलावर हाताने सपाट करत. "पहिला महिना मी हेच करणार. खिडकीत बसणार, दोन कप चहा पिणार, आणि बसस्टॉपवर पळणाऱ्या बायका बघणार. मग पुढचं पुढे." ती हसली तेव्हा तिच्या पुढच्या दातांमधली फट दिसली. ती फट त्याला लग्नाआधीपासून आवडायची, आणि आज ती दिसताच त्याने नजर पुन्हा पेपरात घातली. कारण ते पैसे तिथे नव्हते. तेरा महिन्यांपूर्वी, बाजार सगळ्यात खाली असताना, त्याने ते एका सकाळी एकरकमी काढून घेतले होते. शंभराचे बासष्ट उरले. ते बासष्ट त्याने बँकेच्या मुदत ठेवीत टाकले, पावती जुन्या बुटांच्या खोक्यात ठेवली, आणि तोंडाला कुलूप लावलं.

असं का केलं, हे मास्तरांसारख्या माणसाला समजावणं अवघड होतं. मास्तर आयुष्यभर खडू घेऊन उभे राहिले, खडूने कुणी भाजत नाही. तो बॉयलरवर होता. कापड रंगवणाऱ्या फॅक्टरीच्या मागच्या अंगाला, कोळशाच्या ढिगाजवळ, पत्र्याच्या छपराखाली, चौतीस वर्षं. त्याचं काम सांगायला सोपं होतं: काट्याकडे बघायचं. भिंतीवर ताटाएवढी तबकडी, तिच्यावर काळा काटा, आणि एका आकड्यावर ओढलेली लाल रेघ. काटा तिच्या अलीकडे असेल तर ठीक. दर तासाला वहीत आकडा लिहायचा आणि सही करायची. काटा रेघेला टेकला की विचार करायचा नाही, व्हॉल्व्ह उघडून वाफ सोडायची. नव्या माणसाला तो पहिल्या दिवशी हेच शिकवायचा, आणि विचार करायचा नाही हे शब्द दोनदा म्हणायचा. निवृत्त झाल्यावर मुलीने, ती लग्न करून दुसऱ्या शहरात असते, त्याचे पैसे म्युच्युअल फंडात घालून दिले आणि त्याच्या फोनवर ते बघण्याची सोय करून दिली. "बाबा, रोज रोज बघायचं नसतं हं," तिने बजावलं होतं. पण डोळ्यांना चौतीस वर्षांची सवय. सव्वानऊला बाजार उघडला की त्याच्या हातात फोन असायचा, आणि त्या चौकोनात वरखाली थरथरणारी रेघ बघताना त्याला मनापासून बरं वाटायचं. पुन्हा नोकरी लागल्यासारखं. त्याने चारशे पानी जाडजूड वही आणली, रेघा मारल्या, वेळ, आकडा, सही. बायको हसायची. "सही कुणाला दाखवायची आहे?" म्हणायची. आणि वहीच्या पहिल्या पानावर, वर, त्याने लाल पेनाने एक आकडा लिहून ठेवला होता. ह्याच्या खाली गेला तर.

मग बाजार खाली जायला लागला. पहिल्या आठवड्यात थोडा, दुसऱ्यात बराच, आणि नंतर रोज सकाळी उघडता उघडताच पायरी चुकल्यासारखा. टीव्हीवर माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत होती. त्याच्या तोंडाची चव गेली. जेवताना तो घास चावत राहायचा आणि गिळायचं विसरायचा. तळव्यांना घाम यायचा, आणि त्या घामाला एक वास होता, गरम लोखंडाचा, ओल्या कोळशाचा, जो निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत कधी आला नव्हता. तो बँकेत गेला. तिथे फंडाचं बघणारी एक चुणचुणीत मुलगी होती, केस वर बांधलेली, सगळ्यांना काका-काकू म्हणणारी. तिने त्याला पाणी दिलं, संगणकाचा पडदा त्याच्याकडे फिरवला, मागच्या तीस वर्षांतले खड्डे दाखवले, आणि प्रत्येक खड्ड्यानंतर रेघ कशी वर आली आहे ते पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. ती अगदी बरोबर सांगत होती. त्याला कळतही होतं. "घाबरू नका, काका," ती म्हणाली. "काही करू नका. फक्त थांबा."

थांबा म्हटल्याबरोबर त्याच्या कानात शिट्टी वाजली.

शिट्टी हे त्याच्या मदतनिसाचं नाव. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण त्या नावाने फक्त पगाराच्या दिवशी कुणीतरी हाक मारायचं. एरवी तो शिट्टीच, कारण शिडीवर, कोळसा ओढताना, पाणी पिऊन भांडं ठेवता ठेवता तो शिट्टी वाजवायचा. कुठलंही गाणं नाही, स्वतःचंच काहीतरी, सूर सोडून. बारीक अंगाचा, पायात एक नंबर मोठे बूट, कारण फॅक्टरीत त्याच्या मापाचे मिळाले नव्हते. घरी यायचा तेव्हा बायकोला वहिनी म्हणून हाक मारत थेट स्वयंपाकघरात शिरायचा. एकतीस वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी अकराच्या सुमाराला काटा लाल रेघेवर आला. आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह गळतो म्हणून आधीच्या आठवड्यात कुणीतरी आवळून ठेवला होता. शिट्टी वर, पाइपापाशी, लोखंडी जाळीवर उभा होता. त्याचा हात चाकावर होता. त्याने खाली वाकून विचारलं, "दादा, उघडू का?" आणि ह्याने, जो सगळ्यांना विचार करू नका म्हणून शिकवायचा, त्याने विचार केला. रंगाच्या टाक्या अर्ध्यावर होत्या. वाफ सोडली की टाक्या थंड, कापडावर डाग, आणि मॅनेजर सगळ्यांसमोर आईबाप काढणार. शिवाय काटा दोन दिवस जरा जास्तच दाखवत होता, असं त्याला वाटत होतं. "थांब," तो म्हणाला. शिट्टीने हात चाकावर ठेवूनच शिट्टी वाजवायला सुरुवात केली. थांब म्हटल्यावर तो थांबला, कारण सांगणारा दादा होता. किती वेळ गेला? चौकशीत दोन मिनिटं ठरली. मग पाइपाच्या सांध्यातून वाफ फुटली, आणि ती पांढरी नव्हती, दिसतच नव्हती, नुसता आवाज होता, आणि त्या आवाजात आणखी एक आवाज होता.

चौथ्या दिवशी शिट्टी गेला. हा एकदा त्याला भेटायला गेला होता, मोठ्या सरकारी रुग्णालयात, वॉर्डच्या दारापर्यंत. पलंगावर जाळीची चादर होती आणि चादरीच्या टोकाला पाय होते, पहिल्यांदाच बुटांशिवाय दिसलेले, लहान. तो दारातूनच परतला. घरी सांगितलं, भेटलो, शुद्धीत नव्हता. त्याआधीच, अपघाताच्या दिवशीच, सगळे पळापळ करत असताना, त्याने वहीत अकराचा आकडा लिहिला होता. रेघेच्या अलीकडचा. का लिहिला? हाताला सवय होती. आकडा लिहून झाल्यावर सहीसुद्धा केली होती, आणि सही अजिबात हलली नव्हती. चौकशीत साहेबांनी वही बघितली आणि त्याला विचारलं, तू सांगितलं होतंस का उघडायला? तो म्हणाला, सांगितलं होतं. अहवालात आलं: मदतनिसाने व्हॉल्व्ह वेळेत उघडला नाही. शिट्टीच्या बायकोला भरपाई मिळाली ती निम्मी, आणि ती मुलांना घेऊन आपल्या भावाकडे निघून गेली. ह्याला दोन वर्षांनी मुख्य चालक केलं. पगार वाढला, प्रॉव्हिडंट फंडात कापली जाणारी रक्कम वाढली, आणि ती निवृत्तीपर्यंत वाढत वाढत पुंजी झाली. बायको जो हिशेब कॅलेंडरच्या मागे मांडायची त्याच्या तळाशी शिट्टी होता. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हणून त्या दिवशी बँकेतल्या मुलीने थांबा म्हटलं आणि त्याने कानाला खडा लावला होता ते आठवलं. पुन्हा कधीही थांबायचं नाही, आणि कुणाला थांब म्हणायचं नाही. लाल पेनाने लिहिलेला आकडा मागे पडून आठ दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधीच तो दारात उभा होता. मुलीने दोनदा विचारलं, "काकूंना विचारलंत का?" तो हो म्हणाला. तिने तिसऱ्यांदा विचारलं नाही, वर न बघता फॉर्म पुढे केला. सही झाली, तीही हलली नाही. बाहेर पायरीवर आल्यावर त्याच्या कानात मोठा आवाज झाला, वाफ सुटल्याचा, छपराचे पत्रे थरथरवणारा, ज्याची तो तीस वर्षं वाट बघत होता. त्याचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, उघडला, उघडला एकदाचा, शिट्ट्या, उतर खाली. तो चालत घरी आला, पोटभर जेवला आणि भर दुपारी मेल्यासारखा झोपला. चार-पाच दिवस त्याला इतकं हलकं वाटत होतं की बायको म्हणाली, "बाजार सुधारला वाटतं?" आणि सहाव्या दिवसापासून तो सुधारायलाच लागला.

चूक कुठे झाली हे त्याला हळूहळू समजलं. वाफ सोडली की काटा खाली येतो, बॉयलर जागेवर राहतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा कोळसा घालता येतो. इथे त्याने वाफ सोडली नव्हती, बॉयलरच भंगारात काढला होता. पण हे समजून करायचं काय? महिन्याने बायकोने सहज विचारलं, "आज काय म्हणतो तुमचा बाजार?" आणि त्याने त्या दिवशीचा आकडा सांगितला, पैसे आपलेच असल्यासारखा. मग ते रोजचंच झालं. सव्वानऊला फोन, सव्वादहाला फोन, वहीत वेळ, आकडा, सही. तेरा महिने तो नसलेल्या पैशांच्या नोंदी करत होता. आकडे सगळे बरोबर असायचे, एकही खोटा नाही, फक्त त्यांचा ह्या घराशी संबंध नव्हता. संध्याकाळी ती दमून यायची, गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी बांधून बसायची आणि म्हणायची, "किती राहिलं अजून?" तो सांगायचा. "मग आलंच की," ती म्हणायची. तिच्या गुडघ्याची सूज उतरायची आणि चढायची, बाजाराची रेघ मात्र चढतच होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला काटा वर जाताना बघून देवाला सांगावंसं वाटायचं की पाड बाबा, पुन्हा एकदा पाड. सगळ्या जगाचे पैसे बुडू देत म्हणजे माझे वाचतील.

शिट्टी घरात असायचा. भूत वगैरे तो मानत नव्हता, आणि असलं काही दिसतही नव्हतं. नळ नीट बंद झाला नाही की, वाऱ्याने खिडकीची फट वाजली की, बारीक, सूर सोडून. घरात कुकर नव्हता. अपघाताच्या पुढच्याच आठवड्यात त्याने नवाकोरा कुकर उचलून भंगारवाल्याला दिला होता आणि बायकोला सांगितलं होतं की कुकरचं अन्न पचत नाही. तिने त्यावर वर्षानुवर्षं कुरकुर केली. उघड्या पातेल्यात तास तास शिजत बसायचं, गॅस किती जातो, शेजारणी हसतात. मग एका वर्षी कधीतरी तिची कुरकुर थांबली आणि पुन्हा कुकरचा विषय निघाला नाही. सवय झाली असेल, असं त्याने धरलं. तिला रुग्णालयात नोकरी लागली तेव्हा मात्र त्याच्या पायाखालची वाळू सरकली होती. तिने पेढे आणावेत तसं आनंदाने नेमणुकीचं पत्र आणलं, आणि त्याने विचारलं होतं, "किती जुने कागद असतात गं तिथे?" ती म्हणाली, "जुने? उंदरांना विचारायला हवं." तो हसला होता. नंतर दोन वर्षं रोज संध्याकाळी ती दारातून आत आली की तो आधी तिचा चेहरा बघायचा. चेहरा कधी बदलला नाही. निदान त्याला तरी दिसला नाही. मग त्याने बघणं सोडलं, माणूस किती दिवस दारावर डोळे लावून बसणार.

"पाणी काढलंय," बायको आतून म्हणाली. ती तयार होत होती. कपाटाचं दार, बांगड्यांचा आवाज, पावडरचा डबा. सव्वानऊ झाले होते. त्याचा हात आपोआप वहीकडे गेला, आणि त्याने बघितलं की वहीचं शेवटचं पान लागलं आहे, त्यात तीनच ओळी शिल्लक आहेत. त्याने आकडा लिहिला नाही. तो खुर्चीत बसून राहिला आणि मनात वाक्यं लावू लागला. तू दे पत्र, मी कुठेतरी चौकीदारी बघतो. सहासष्टाव्या वर्षी कोण देणार चौकीदारी. किंवा काहीच बोलायचं नाही, तिला पत्र देऊ द्यायचं, बासष्टांतून खर्च चालवायचा, चार-पाच वर्षं कुणाला कळणार नाही, तोपर्यंत आपण जाऊ. हे पटलं त्याला. जवळजवळ पटलं. वेळ मारून नेण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण आपण गेल्यावर ही, फुकट गेलेला गुडघा आणि बुटांच्या खोक्यात सापडलेली पावती. शिट्टीची बायको फॅक्टरीच्या फाटकातून निघाली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत ते बूट होते. ह्या खिडकीतून बघणारी ही, आणि तिच्या हातात खोकं. 

ती बाहेर आली. निळी साडी, ठेवणीतली, आज खास. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात लिफाफा. चपला घालताना तिने भिंतीला हात टेकला. दाराची कडी काढली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, कडीवरचा हात तसाच ठेवून ती मागे वळली आणि तिने विचारलं, "अहो, देऊ का मग?"

कडीवर हात, मान वळवलेली, चेहऱ्यावर तो विश्वास. दादा सांगेल तसं. घरातले सगळे आवाज बंद झाले. नळ, खिडकी, वर मास्तरांचा रेडिओ.  एकतीस वर्षं जो शब्द त्याने कुणालाही म्हटला नव्हता, रस्ता ओलांडणाऱ्या मुलीलासुद्धा तो हाताने अडवायचा पण बोलायचा नाही, तो एकच शब्द आता उपयोगाचा होता.

"थांब," तो म्हणाला.

आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. ती थांबली. कडी सोडली, आत आली, डबा टेबलावर ठेवला. त्याने तिला सगळं सांगितलं: कधी काढले, किती उरले, पावती कुठे आहे, तेरा महिने तो काय लिहीत होता. वही उघडून दाखवली, जणू ती पुरावा होती. ती उभ्यानेच ऐकत होती. बासष्ट हा आकडा ऐकल्यावर ती खुर्चीवर बसली आणि तिचा हात गुडघ्यावर गेला. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज न करता, आणि तिने ते पुसलं नाही. "मी रोज शिडीवर मोजायची," ती म्हणाली. "एवढे दिवस राहिले, एवढे दिवस राहिले. तुम्ही मला रोज सांगत होतात." तिने वहीची पानं मागे उलटली. "एका शब्दाने विचारलं असतंत मला." तो म्हणाला, "विचारलं असतं तर तू थांबा म्हणाली असतीस." आपण काय बोललो हे त्याला बोलल्यावर कळलं.

तिने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्या केसपेपरवरचं अक्षर लावताना बघावं तसं. "शिट्टी भावोजींना तुम्ही म्हणालात तसं?" तिने विचारलं.

त्याने उघडी वही मिटली. मग ती उठली, तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि डबा उचलला. उशीर झाला तर हेडक्लार्क अर्ध्या दिवसाचा पगार कापतो. तो चपला घालून तिच्यामागोमाग निघाला, तिने नको म्हटलं नाही. जिन्यात ती एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरत होती. रस्त्याने दोघं शेजारी चालली, डबा आता त्याच्या हातात होता. स्टॉपवर रांग होती. तिने पर्समधून लिफाफा काढून त्याला दिला. "हे ठेवा तुमच्याजवळ. आता तीन वर्षांनी, निवृत्तीच्या दिवशीच तारीख बदलून देईन." मग समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "नर्सने लिहून ठेवलं होतं. पेशंट सारखा एकच वाक्य म्हणतो, मी विचारलं होतं, मी विचारलं होतं. चौथ्या दिवशी सकाळपर्यंत म्हणत होते."

"कधी वाचलंस?"

"बावीस वर्षं झाली."

बावीस वर्षं. त्याला पातेलं आठवलं, तास तास शिजणारं, आणि त्याच्यापुढे मुकाट उभी असलेली तिची पाठ. बस वळणावर दिसली, रांग हलली. "मग बोलली का नाहीस?" त्याने विचारलं. त्याचा आवाज चिरकला, पुढचा माणूस वळून बघायला लागला.

तिने त्याच्या हातातून डबा घेतला. "थांबले होते," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल म्हणून." बस येऊन उभी राहिली. तिने आधी डावा पाय वर ठेवला, दांडा दोन्ही हातांनी धरला आणि उजवा पाय ओढून घेतला. बस निघून गेली तरी तो लिफाफा धरून स्टॉपवर उभा होता, आणि पुढच्या दोन बसचे कंडक्टर त्याला विचारून गेले की आजोबा, यायचं आहे का.